बांधलेली मेमरी

“कार्ड उलटं धरलं असशील,” खांबेटे सर म्हणाले.

उलटं नव्हतं धरलेलं. मी कार्ड ओढणीला पुसलं आणि खोलीच्या आतून दारालगतच्या डबीला पुन्हा टेकवलं. एरवी ती डबी टुंई करून हिरवी व्हायची आणि काचेचं दार आपसूक सरकायचं. आज ढिम्म. लाल दिवासुद्धा लागेना.

“ऋजुता, त्यांना म्हणावं, तुमचं लावून बघा,” गायधनी मॅडम म्हणाल्या. ‘त्यांना’ म्हणजे खांबेटे सरांना. सर त्यांच्यापासून दोन हातांवर उभे होते.

“सर, मॅडम म्हणतात—”

“ऐकू येतं मला.”

सरांचं कार्ड लावलं, मग मॅडमचं. तिन्ही कार्डांना दारानं सारखाच भाव दिला. मी म्हटलं, झालं! दुसऱ्या शनिवारची सुट्टी वाया गेलीच होती, आता दुपारही गेली.

पुण्याबाहेर टेकडीवर आमची संशोधन संस्था होती आणि तिच्यात एक मोठं संगणकयंत्र होतं. मी ते सांभाळायची. त्यावर दोन विभागांचा हक्क. खांबेटे सर हवामानाचे प्रमुख, गायधनी मॅडम भूकंपलहरींच्या. हे यंत्र संस्थेत आणलं दोघांनी मिळून, असं जुने लोक सांगायचे. मी लागले तेव्हा मात्र दोघांचं विळ्या-भोपळ्याचं होतं. समोरासमोर बोलायचेसुद्धा नाहीत. मध्ये कुणीतरी लागायचं, आणि ते कुणीतरी म्हणजे बहुतेक वेळा मीच.

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी यंत्राच्या जाळ्यांवरची धूळ काढायची आणि तेव्हा दोन्ही प्रमुखांनी जातीनं हजर राहायचं, असा दंडक होता. एकट्या एका विभागाची माणसं यंत्रापाशी गेली की दुसऱ्याच्या नाकाला मिरच्या झोंबत, म्हणून. मी वाकून व्हॅक्युम क्लीनर फिरवायची आणि हे दोन डॉक्टर डावी-उजवीकडे उभे राहून माझ्यावर नजर ठेवायचे. मला मेलीला ते बघून हसू आवरायचं नाही.

आत जाताना फोन बाहेरच्या टेबलावर ठेवायचे. खाणंपिणं, पिशव्या, सगळं बाहेर. बाहेर पडतानाही कार्ड लावायचं. कोण किती वेळ आत होतं ते दोघांनाही कळायला हवं होतं ना!

“मी बघते काय झालंय,” असं म्हणून मी कोपऱ्यातल्या कीबोर्डाशी बसले.

कारण दिसायला वेळ लागला नाही. पण ते समजायचं तर आधी आमची भिंत समजायला हवी. यंत्र एकच, पण त्याच्या पोटात दोन नोड होते. प्रत्येक नोडला आपापले प्रोसेसर आणि आपापली मेमरी. जगाची रीत अशी की प्रोग्राम आधी जवळची मेमरी घेतो आणि ती संपली की शेजारच्या नोडकडे हात पसरतो. थोडा वेळ जास्त लागतो, पण काम अडत नाही. आमच्याकडे ती रीत बंद होती. डावा नोड सरांचा, उजवा मॅडमचा. ज्याचा प्रोग्राम त्याच्याच नोडला बांधलेला. आपली मेमरी संपली तर उपाशी मरायचं, पण शेजारी एक घास मागायचा नाही. दोन भावांनी घर वाटून घ्यावं आणि मधलं दार विटांनी बुजवून टाकावं, तसलं ते.

दाराचा प्रोग्राम खरं तर वेगळ्या छोट्या यंत्रावर असायला हवा. ते छोटं यंत्र कुठल्या विभागाच्या नावावर घ्यायचं, यावरून मागणी अडली आणि तात्पुरतं म्हणून दार या मोठ्या यंत्राला जोडलं, तेही डाव्या नोडला. तात्पुरतं म्हणजे आमच्या संस्थेत कायमचं.

“सर,” मी म्हटलं, “तुमच्या प्रोग्रामनं डावा नोड काठोकाठ भरलाय.”

“भरणारच. पूर्ण मोसमाचा अंदाज आहे तो.”

“जागा संपली की यंत्र कुणालातरी मारतं. खरं तर सगळ्यात खादाड असेल त्याला मारतं. पण तुम्ही सांगून ठेवलंत की तुमच्या प्रोग्रामला हात लावायचा नाही. म्हणून त्यानं बारकेसारके मारले. त्यात दार गेलं.”

“मग परत चालू कर की.”

“करून बघितलं. उठतं, बसायला जागा शोधतं आणि मरतं.”

“तीन आठवडे चाललाय तो,” सर म्हणाले, माझ्याशी नव्हे तर यंत्राशी. “सोमवारी संपेल.”

मॅडम काचेजवळ गेल्या आणि बाहेर कुणी दिसतंय का ते बघून परत आल्या. सुट्टीचा दिवस. कॉरिडॉर ओस पडलेला. पंख्यांचा असा घणघणाट की आत तोफ उडाली तरी बाहेर कळणार नाही. इंटरकॉम होता, तो स्वागतकक्षात वाजायचा आणि तिथं शनिवारी चिटपाखरू नसे. मागच्या बाजूला संकटकाळचं दार होतं, पण त्याच्या पलीकडे भांडारवाल्यांनी जुनी लोखंडी कपाटं रचून ठेवली होती. मी खांदा लावला, ते तसूभरही हललं नाही. आगीची घंटा ओढावी तर खोलीत आग विझवणारा गॅस सुटतो आणि माणसानं त्याआधी बाहेर पडायचं असतं. आम्ही कुठे पडणार होतो?

“पहारेकरी?” मॅडमनी विचारलं.

“अंधार पडायला लागला की फेरी मारतो.”

“म्हणजे तोवर बसायचं. बसू या. कुणाला घाई आहे?” मॅडम म्हणाल्या आणि एकुलती एक घडीची खुर्ची ओढून बसल्या.

घाई होती. सरांना होती, पण त्यांनी ती सांगितली नव्हती. मला कळली ती त्यांच्या नजरेवरून. ते सारखे काचेबाहेरच्या टेबलाकडे बघत होते. तिथं आमचे फोन होते, मॅडमची पर्स होती, सरांची पिशवी होती आणि सरांचा डबा होता. स्टीलचा, चार पुडांचा, कडी लावलेला.

“सर, जेवला नाहीत तुम्ही?”

“जेवणारच होतो बाहेर पडून. इंजेक्शन घेऊन बसलोय.”

“कसलं इंजेक्शन?”

“इन्शुलिन. दहा मिनिटांचं काम म्हणून घेऊन टाकलं आणि आत आलो. तू आज धूळ काढायला अंमळ जास्तच वेळ लावलास.”

धूळ काढायला वेळ लागला, कारण दोघंही “इथं राहिली, तिथं राहिली” करत माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटत होते. पण ते बोलायची ती वेळ नव्हती. आमच्या आत्याला साखरेचा त्रास होता. इन्शुलिन घेऊन माणूस जेवला नाही तर काय होतं, ते मी घरात बघितलं होतं. आधी घाम, मग थरथर, मग भलतंसलतं बोलणं, आणि मग आत्याला उचलून नेलं होतं.

मॅडमनीही ते ऐकलं. त्या उठल्या.

“ऋजुता, त्यांना खुर्चीवर बसायला सांग.”

“मी उभा बरा आहे म्हणावं,” सर म्हणाले.

मी अग्निशामक नळकांडं उचललं आणि जीव खाऊन काचेवर हाणलं. काच दोन थरांची, मध्ये पापुद्रा घातलेली. तिच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा उमटल्या आणि नळकांडं उलटं माझ्याच नडगीवर आलं. आणखी हाणलं. रेघा वाढल्या, भोक काही पडेना. काचेपलीकडे डबा होता तिथंच.

“अगं, हात मोडून घेशील,” मॅडम म्हणाल्या. “दुसरा काही मार्ग नाही का?”

“दोन आहेत,” मी म्हटलं. “सर आपला प्रोग्राम आपण थांबवू शकतात. मेमरी मोकळी होईल, दार उठेल. तीन आठवडे पाण्यात जातील.”

“आणि दुसरा?”

“दाराचा प्रोग्राम डाव्या नोडपासून सोडवायचा आणि उजव्याला बांधायचा. टीचभर तर लागते त्याला जागा. पण ते बांधणं सोडायचं तर मुख्य पासवर्ड हवा.”

मुख्य पासवर्ड हेही आमचंच एक लेणं. त्याचे दोन अर्धे. पहिला सरांच्या डोक्यात, दुसरा मॅडमच्या. दोघांनी एकापाठोपाठ एक टाइप केल्याशिवाय भिंतीची वीट हलणार नाही. यंत्राची वीज काढून परत लावली तरी सुरू होताना ते पुन्हा दोन्ही अर्धे मागे. आणि ते वापरले रे वापरले की संचालकांच्या खोलीतल्या पडद्यावर यंत्राचं पूर्ण चित्र उमटायचं: कुठल्या नोडवर कोण, कुणी किती मेमरी धरलीय, कधीपासून. चोरून कुणी वाटणी बदलू नये म्हणून. मला एरवी कोण का मेलं त्याची नोंद तेवढी दिसे, आतलं काही दिसत नसे, दोघांच्या हद्दी दोघांनी झाकून ठेवलेल्या.

मला वाटलं, आता मॅडम चटकन हो म्हणतील. एवढंसं तर मागत होते.

मॅडमनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला.

“माझा अर्धा... मला नीट आठवतोय की नाही, बघायला हवं. वरच्या मजल्यावर लिहिलेला आहे,” त्या म्हणाल्या.

मला असा संताप आला! माणूस घामाघूम होतोय आणि या बाईंना आपल्या हद्दीतली चिमूटभर जागा सोडवेना. मी म्हणणार होते काहीतरी, तेवढ्यात सरच बोलले.

“कुणी कुणाचा अर्धा टाइप करायचा नाही. भिंतीला हात लावायचा नाही, ऋजुता. सांगून ठेवतो.”

“अहो पण सर—”

“नाही म्हणजे नाही!”

घ्या! दोघांचं एकमत झालं, तेही यावर. मी कीबोर्डाशी बसून राहिले. माझी अवस्था अडकित्त्यातल्या सुपारीसारखी. एकीकडे हे, एकीकडे त्या. हिवाळ्यात संचालकांनीच सुचवलं होतं की ही भिंत आता काढू या. तेव्हाही भर बैठकीत सर्वांत मोठ्यानं ‘नाही’ म्हणाले ते खांबेटे सर. टेबलावर मूठ आपटून. आम्ही सगळे म्हणालो होतो, काय हेकट म्हातारा आहे.

थंड हवेचे झोत अंगावर येत होते. मला ओढणी गुंडाळून घ्यावी लागली होती, आणि सरांच्या शर्टाची पाठ मात्र ओलीचिंब. ते यंत्राच्या मागच्या बाजूला गेले. आधार घ्यायला गेले असं मला वाटलं. डाव्या कपाटाच्या जाळीवर त्यांनी हात ठेवला. मग उजव्या कपाटाच्या जाळीवर ठेवला. आणि तसेच खाली बसले, फरशीवर, भिंतीला टेकून.

मॅडम धावल्या. “खांबेटे! अहो खांबेटे!”

इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच त्यांना सरांना हाक मारताना ऐकलं.

“मी थांबवतो,” सर म्हणाले. जीभ जड झालेली. “माझा प्रोग्राम मी थांबवतो. आण तो कीबोर्ड.”

“तीन आठवड्यांचं काम आहे तुमचं!” मॅडम म्हणाल्या.

“असू दे.”

मी वायर ताणून कीबोर्ड त्यांच्या मांडीवर ठेवला. पडदा त्यांच्याकडे वळवला. सर आपलं नाव आणि पासवर्ड टाइप करू लागले. बोटं अशी थरथरत होती की एका कळीवर ठेवलेलं बोट दुसरीवर जाई. चूक. पुन्हा केलं. चूक.

“सर, मला सांगा, मी करते.”

“येतंय मला.”

“सर, थांबा, तिसऱ्यांदा चुकलं तर—”

त्यांनी ठोकलंच. पडद्यावर आलं की हे खातं उद्यापर्यंत बंद. तीनदा चुकलं की खातं बंद करायचं हा नियमही यांच्याच भांडणातून आलेला. सरांनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, लहान मुलानं दूध सांडल्यावर बघावं तसं. रागावावं तरी कुणावर?

“आता एकच मार्ग उरला,” मी म्हटलं. “दोन्ही अर्धे.”

मॅडम सरांच्या शेजारी फरशीवर बसल्या. पांढऱ्या सुती साडीची पर्वा न करता, चक्क मांडी घालून.

“आठवलाय मला माझा अर्धा,” त्या म्हणाल्या. “मी टाइप करते. तुमचा सांगा.”

“नाही.”

“काय हट्ट आहे हा? जीव जाईल तुमचा!”

“नाही सांगणार.”

“माझ्या बाजूची एवढीशी मेमरी घेतलीत तर काय कमीपणा येणार आहे तुम्हाला? इतकी मी वाईट आहे?”

सर हसले. म्हणजे हसल्यासारखं केलं. ओठ पांढरे पडले होते.

“गायधनीबाई,” ते म्हणाले, “तुमची बाजू गार आहे.”

मॅडमचा हात चष्म्याकडे गेला.

“मी दर दुसऱ्या शनिवारी हात लावून बघतो. माझ्या बाजूनं गरम हवा येते. तुमच्या बाजूनं गार. दिवाळीपासून. काही चालतच नाही तिकडं. मेमरी सगळी मोकळी. मला कळणार नाही असं वाटलं तुम्हाला?”

मी पडद्याकडे तोंड फिरवलं. मॅडमच्या चेहऱ्याकडे बघायची हिंमत होईना.

मग त्या बोलल्या. आवाज अगदी खालचा. “प्रकल्पाला मुदतवाढ मिळाली नाही. मी कुणाला बोलले नाही. माझ्याकडे चौघं कंत्राटावर आहेत. बाजू रिकामी आहे असं दिसलं की दुसऱ्या दिवशी घरी पाठवतील त्यांना. त्यातल्या गौतमची बायको बाळंत व्हायचीय. नवीन प्रस्ताव पाठवलाय मी. तो मंजूर होईपर्यंत फक्त झाकून ठेवायचं होतं.”

“ठाऊक आहे,” सर म्हणाले. “भिंत पडली की चित्र वर जाणार. मग संचालक तुमचा नोड काढून माझ्या गळ्यात मारणार. मला नकोय तो. म्हणून तर मूठ आपटली.”

पंखे घणघणत होते. मी मनातल्या मनात त्या बैठकीतल्या हेकट म्हाताऱ्याची हात जोडून माफी मागितली. इतके दिवस ज्याला आम्ही खुन्नस समजत होतो, ती भिंत हा माणूस बाईंसाठी धरून उभा होता आणि बाईंनाही त्याचा पत्ता नव्हता.

“तुमचा अर्धा सांगा,” मॅडम म्हणाल्या. या वेळी त्यांनी सरांचा हात धरला होता.

“नाही. चार पोरं आहेत.”

“पोरांचं मी बघेन. सांगा.”

“काय बघाल? नाही.”

त्यांची मान एका बाजूला कलायला लागली होती. शब्द अर्धवट येत होते. थोड्या वेळानं ते मलाच ‘सुमन’ म्हणाले. सुमन त्यांची बायको, गेल्याला काही वर्षं झालेली. मी ओरडले, “मॅडम, आता सर बोलायचे बंद झाले की पासवर्डही गेला! मग काही करता येणार नाही!”

मॅडमनी त्यांचे दोन्ही गाल धरून चेहरा आपल्याकडे वळवला.

“खांबेटे, ऐका. मी कालच संचालकांना सांगून टाकलंय.”

“काय?”

“बाजू रिकामी आहे म्हणून. काल दुपारी गेले होते त्यांच्याकडे. सगळं सांगितलं. ते म्हणाले, हरकत नाही, प्रस्तावाची वाट बघू. पोरं राहतील म्हणाले. आता लपवायला काही उरलंच नाही. समजलं का? चित्र गेलं तरी काही बिघडत नाही.”

सरांनी डोळे उघडून त्यांच्याकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिले. आता ऐकतच नाहीयेत की काय, असं मला वाटलं.

“काल?” त्यांनी विचारलं.

“काल.”

“मग आधी नाही का सांगायचं, बाई,” ते म्हणाले. “ऋजुता, इकडे ये.”

मी कान त्यांच्या तोंडाशी नेला. आणि काय सांगू, त्या क्षणीसुद्धा मॅडमनी दुसरीकडे तोंड करून कानांवर हात ठेवले. एकमेकांचा अर्धा ऐकायचा नाही, हा नियम!

सरांनी एकेक अक्षर सांगितलं. मी ते टाइप केलं. मग मॅडम आल्या, त्यांनी आपला अर्धा टाइप केला, आणि मी खिडकीकडे बघितलं, म्हणजे जिथं खिडकी असायला हवी होती त्या भिंतीकडे. यंत्र उघडलं. दोन्ही नोड समोर आले. डावा काठोकाठ, उजवा आरपार रिकामा. इतकी मेमरी, अशी धडधडीत मोकळी, आणि तिच्या शेजारी आम्ही कोंडून पडलो होतो. मी दाराचं बांधणं सोडलं आणि त्याला उजवीकडे नेऊन बसवलं. ते उठलं, त्याला जागा मिळाली, आणि या वेळी ते मेलं नाही.

टुंई झालं.

डबा मॅडमनीच आणला. पोळी भाजी भरवायची ती वेळ नव्हती. त्यांनी सरांच्या पिशवीतून ग्लुकोजची पुडी काढली, दातांनी फाडली आणि बोटानं त्यांच्या हिरड्यांना लावली. मी फोनकडे पळाले. दवाखान्याची गाडी येईपर्यंत सर उठून बसले होते आणि गाडीत बसायला कां कूं करत होते. त्यांनी बघितलं तर त्यांचा प्रोग्राम अजून चालूच होता. “बघा, तोही मेला नाही,” म्हणाले.

सोमवारी संचालकांनी मला बोलावलं. त्यांच्या पडद्यावर शनिवारचं चित्र तसंच होतं.

“ही उजवी बाजू दिवाळीपासून रिकामी?” ते म्हणाले. “आणि मला कुणी बोललं नाही! गायधनीबाई शुक्रवारी इथं, या खुर्चीवर बसून चहा पिऊन गेल्या. अवाक्षर काढलं नाही.”

मी म्हटलं, मला काही ठाऊक नाही.

महिना संपायच्या आत मॅडमचा विभाग हवामानात विलीन झाला. चौघांपैकी दोघांना दुसरीकडे काम मिळालं. एक जण घरी बसला. गौतम कुठे गेला ते मला कधी कळलं नाही. प्रस्ताव मंजूर झालाच नाही. मॅडमना प्रशिक्षण शाखेत टाकलं. नव्या भरतीच्या मुलांना त्या जेवणाच्या सुट्टीनंतर आलेख कसे वाचायचे ते शिकवत. मला जिन्यात भेटायच्या, हसायच्या, आणि सरांची साखर आता किती असते ते विचारायच्या. मीच मध्ये, पहिल्यासारखी.

भिंत काढायचा हुकूम आला त्या दिवशी मी सरांच्या खोलीत गेले.

“सर, आता सगळं यंत्र आपलं. तुमचा प्रोग्राम दोन्ही नोडवर पसरू का? मेमरीचं एक पान इकडचं, एक तिकडचं असं घेईल. दुप्पट जागा मिळेल.”

“नको. आहे तसाच राहू दे. डावीकडे बांधलेला.”

“पण जागा पुरत नाही तुम्हाला.”

“पुरवीन.”

मी जायला वळले, तर ते म्हणाले, “ऋजुता, बाई शुक्रवारी गेल्या होत्या ना संचालकांकडे?”

“हो सर.”

“आणि सांगितलं त्यांना. रिकामी आहे म्हणून.”

या प्रश्नाची भीती मला तेव्हापासून होती. मी उत्तर तयार ठेवलेलं होतं. “हो सर, सांगितलं होतं. संचालकांनी नंतर शब्द फिरवला.”

सर माझ्याकडे बघत राहिले, फरशीवर बसून मॅडमकडे बघितलं होतं तसेच.

“तू कशाला त्यांच्यासारखं बोलतेस?” ते म्हणाले. “वीस वर्षं काम केलं मी त्या बाईंबरोबर. खोटं बोलायची वेळ आली की त्या एका दमात खूप बोलतात. काल गेले, सगळं सांगितलं, पोरं राहतील, हरकत नाही... त्या बोलत होत्या तेव्हाच मला कळलं होतं की सगळं खोटं आहे.”

मी दारातून परत आत आले.

“मग सर, तुम्ही तुमचा अर्धा का सांगितलात?”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. डोळे चोळले.

“मला मरायचं नव्हतं गं,” ते म्हणाले.